साडेबारा हजार किलोमीटर आणि माळशेज घाट

१९४८ च्या जून महिन्यातले लागोपाठचे दोन मंगळवार. पहिल्या मंगळवारी, १ जूनला, नगर-पुणे मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. लाकडी बॉडी, वर कापडी छप्पर, तिकीट अडीच रुपये. पुढच्याच मंगळवारी, ८ जूनला, मुंबईहून एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान लंडनला निघालं. पस्तीस प्रवासी, त्यांत खुद्द जे. आर. डी. टाटा. कैरो, जिनीव्हा असे मुक्काम घेत १० जूनला ते लंडनला टेकलं. तिकीट सतराशे वीस रुपये.

मुंबई-लंडन हे अंतर तेव्हाही सुमारे सव्वासात हजार किलोमीटर होतं आणि आजही तेवढंच आहे. दोन दिवसांचा तो प्रवास आता साडेनऊ-दहा तासांत होतो. नगर-पुण्याचे सव्वाशेच्या आतले किलोमीटरही तसेच जागेवर आहेत. ते कापायला मात्र एसटीला आजही तीन-साडेतीन तास लागतात, आणि वाघोलीत अडकली तर चार. एवढ्या काळात लंडन जेवढं जवळ आलं, त्याच्या पावपटीनंही पुणं आलं नाही.

सरकारदरबारी जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे. बोलताना लोक अजून ‘नगर’ म्हणतात, म्हणून इथेही तेच. या नगरात कुणालाही ‘मुंबई किती लांब?’ असं विचारा. ‘अडीचशे किलोमीटर’ हे उत्तर क्वचित येतं. ‘माळशेजने गेलात तर सहा तास, पुण्यावरून गेलात तर सांगता येत नाही’ हे नेमकं उत्तर. आणि ‘अमेरिका किती लांब?’ याला सावेडीतल्या, केडगावातल्या, अगदी संगमनेर-श्रीरामपूरच्या कितीतरी घरांत तयार उत्तर आहे: ‘मुंबईहून सोळा तास.’ त्या ‘मुंबईहून’ या शब्दात नगरकराचा जो अर्धा दिवस जातो, तो कुठल्याही तिकिटावर छापलेला नसतो.

नगरचं आणि अमेरिकेचं नातं सॉफ्टवेअरवाल्या पोरांपासून सुरू झालं असं मानण्याचं कारण नाही. ते जवळपास दोनशे वर्षांचं आहे. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ च्या जूनमध्ये बॉस्टनहून शिडाच्या जहाजातून निघाली. सुएझचा कालवा व्हायला अजून बेचाळीस वर्षं होती, त्यामुळे आफ्रिकेला खालून वळसा घालायचा आणि वाऱ्याची मर्जी सांभाळायची. कलकत्ता करून ती मुंबईला पोचली तेव्हा वर्ष संपत आलं होतं. पुढे तिने नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच फॅरारबाईंच्या नगरच्या संस्थेत. १८६२ मध्ये बाई नगरलाच वारल्या. बॉस्टन ते मुंबई, निव्वळ जायला सहा महिने. अशा अंतरावर ‘सुट्टीत घरी येऊन जा’ हे वाक्यच संभवत नाही.

फॅरारबाईंच्या त्या प्रवासानंतर शंभरेक वर्षांनी अशी अंतरं आठवड्यांत मोजली जाऊ लागली. १९३१ च्या २९ ऑगस्टला महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी ‘एस. एस. राजपुताना’ या बोटीने मुंबईहून निघाले. त्याच बोटीवर कराचीला नगरजवळच्या अरणगावातल्या मेहेराबादचे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा चढले. बाबांचा पश्चिमेकडचा तो पहिला प्रवास. बोटीवर दोघांची भेट झाली. मार्सेलपर्यंत बोट, पुढे रेल्वे, आणि १२ सप्टेंबरला लंडन. मुंबईपासून मोजले तर पंधरवडा.

मेहेरबाबांमुळे नगरच्या वाटेवर एक उलटी वर्दळही सुरू झाली. ३१ जानेवारीला, बाबांच्या पुण्यतिथीला म्हणजे अमरतिथीला, नगर-दौंड रस्त्यावरच्या अरणगावात अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, इराण अशा ठिकाणची माणसं दिसतात. नगरचा मुलगा जो प्रवास रडवेल्या आईचा निरोप घेऊन करतो, तोच ही मंडळी उलट्या दिशेने, देवदर्शनाच्या उत्साहात करून येतात. मुंबईत मध्यरात्री उतरून पहाटेच्या अंधारात टॅक्सीने नगर गाठताना त्यांनाही तोच घाट आणि तेच खड्डे लागतात.

आता जरा गोलाकडे वळू. शाळेतला पृथ्वीगोल मिळाला तर उत्तम, नाहीतर मुलांच्या खोलीतला चालेल. शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर वाटतं की विमान अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक असं सरळ पश्चिमेला जात असणार. दोरा मात्र सरकत सरकत वर जातो. मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया करत आइसलँडवरून निघतो, ग्रीनलँडचं दक्षिणेचं टोक जेमतेम चुकवतो आणि कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्‌वृत्त म्हणतात. गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे हा ताणलेला दोरा. मुंबई ते न्यूयॉर्क तो भरतो सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ‘दोन शहरांमधलं हवाई अंतर’ म्हणून कुठेही जो आकडा दिलेला असतो, तो या दोऱ्याचा.

विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. जाऊ शकत नाही, कारण दोऱ्याला देशांच्या सीमा नसतात आणि विमानाला असतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये, बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर, पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं आणि ते पूर्ववत व्हायला जुलैचा मध्य उजाडला. पुन्हा २४ एप्रिल २०२५ पासून, पहलगामच्या हल्ल्यानंतर, भारतीय विमानांना तिथून मज्जाव झाला. मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा सिंध-बलुचिस्तानवरूनच जातो. मग विमानाने अरबी समुद्रावरून बाजूला निघायचं आणि वळसा घालायचा. दिल्लीवाल्यांचे यात जास्त हाल झाले, त्यांच्या पश्चिमेच्या वाटेत पाकिस्तान आडवाच आहे. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मध्ये युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. मुंबईहून निघणाऱ्याला समुद्राचा आधार होता. भूगोलाने नगरकराच्या पदरात टाकलेली ही एकच सवलत म्हणायची.

शिवाय वारा. उत्तर गोलार्धात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराच्या हवेचे झोत वाहतात, विमानवाले त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीवर. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये जायला सोळा तास आणि यायला चौदा-सव्वाचौदा. आकाशातलं अंतर आणि आकाशातला वेळ यांची सांगड किती सैल असते, याचा सुंदर दाखला एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरात दिला. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ते त्यांनी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, आणि वेळ? साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा दोनेक तास कमी. चौदाशे किलोमीटर जास्त उडून लवकर पोचले, कारण वारा पाठीशी होता. परतीचं विमानही त्याच वाटेने आलं असतं तर त्याने पृथ्वीला पुरती प्रदक्षिणा घातली नसती, पण जाताना पॅसिफिक आणि येताना अटलांटिक असं केल्यामुळे एका फेरीत ती पूर्ण होऊ लागली.

जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिकांच्या चमूने सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर विमान उत्तर ध्रुवावरून आणलं, त्यालाही सतराएक तास लागले होते. सपाट नकाशा बघून वाढलेल्या माणसाला बंगळूरला यायला उत्तर ध्रुव कशाला लागतो, हे दोऱ्याशिवाय समजावणं अवघड आहे.

मुंबईहून न्यूयॉर्कला एअर इंडियाची सेवा १९६० च्या मेमध्ये, बोइंग ७०७ घेऊन सुरू झाली. लंडन वगैरे थांबे होतेच. मध्ये कुठेही न टेकता थेट जाणारं एअर इंडियाचं विमान त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी आलं: १ ऑगस्ट २००७, बोइंग ७७७-२०० एलआर. तेव्हापासून ‘मुंबईहून सोळा तास’ हे वाक्य पक्कं झालं.

या वाक्याने घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक गोंधळ कायमचा करून ठेवला आहे. समजा, विमान मुंबईहून रात्री दोनला सुटलं. तिकिटावर न्यूयॉर्कला पोचण्याची वेळ सकाळी साडेआठ, तारीख तीच. आजोबा बोटं मोजतात: साडेसहा तास! एवढ्यात तर परळीसुद्धा होत नाही. मग कुणीतरी समजावतं की उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. तिकिटावर दोन्ही टोकांना आपापली स्थानिक वेळ छापतात, अंतर कळायचं तर फरक मिळवावा लागतो. साडेसहात साडेनऊ मिळवले की आले सोळा. परत येताना उलटा घोळ. निघालो सोमवारी, झोप एकच झाली, आणि उतरलो तर मंगळवार कधीच मावळतीला लागलेला.

आता सावेडीतल्या कुठल्याही अशा घरात डोकावा. निघण्याच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध वजनाचा हुकवाला काटा. प्रत्येक बॅगेला तेवीस किलो. काटा साडेचोवीस दाखवतो. मग काय काढायचं यावर घरात बैठक बसते. शेंगदाण्याची चटणी राहते, मेतकूट राहतं, गोडा मसाला राहतो, मुलाने स्वतः विकत घेतलेले बूट बाहेर येतात. बॅग पुन्हा हुकाला अडकवून वडील हात ताठ धरून उचलतात, काटा थरथरतो, बावीस-नऊशे. ‘बस. आता हात लावू नका.’ आई तेवढ्यात कडेच्या कप्प्यात चिवड्याची एक पुडी सरकवतेच.

विमान रात्री दोनचं. विमानतळावर तीन तास आधी हजर व्हायचं, म्हणजे अकरा. नगरहून मुंबई सहा तास, म्हणजे पाच. पण पाचला निघायची हिंमत कोण करतो? घाटात ट्रक बंद पडला तर? कल्याणला, भिवंडीला गर्दी लागली तर? पावसाळ्यात माळशेजला दरड आली, धुकं पडलं तर? म्हणून दुपारी दोनला दही-साखर हातावर ठेवून गाडी निघते. कल्याण रोडने भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर, मग घाट, खाली मुरबाड, कल्याण. किंवा सुपे, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली करत पुणे आणि पुढे द्रुतगती मार्ग. कुठूनही गेलं तरी हिशेब असा: दुपारी दोन ते रात्री दोन हे बारा तास, त्यांत अंतर कापलं अडीचशे किलोमीटर. पुढच्या सोळा तासांत साडेबारा हजार. एकूण अंतराच्या दोन टक्के वाटेसाठी एकूण वेळातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग गेला, आणि अजून न्यूयॉर्कला इमिग्रेशनची रांग व तिथून मुलाच्या घरापर्यंतची गाडी बाकीच आहे.

विमानं आणखी वेगवान झाली तर हे बदलेल का? फारसं नाही. प्रवासी विमानांचा वेग ७०७ च्या काळापासून ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपासच घुटमळतो आहे. वाचवण्याजोगा वेळ जमिनीवर आहे. इथे शिर्डीचा विषय निघतो.

१ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी शिर्डी विमानतळाचं उद्घाटन केलं आणि अलायन्स एअरच्या एटीआर विमानाला मुंबईसाठी झेंडा दाखवला. विमानतळ शिर्डीचा म्हणतात, पण तो आहे कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात, शिर्डीपासून चौदाएक किलोमीटरवर. जिल्ह्याला प्रथमच नियमित प्रवासी विमान मिळालं. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने तो उभारला, सुरुवातीची धावपट्टी अडीच हजार मीटरची.

काकडी ते मुंबई हे दोऱ्याचं अंतर भरतं अवघं १७२ किलोमीटर. एटीआर ताशी पाचशेच्या वेगाने उडतं. भागाकार केला तर वीस-एकवीस मिनिटं. वेळापत्रकात मात्र चाळीस-पन्नास मिनिटं दिसत, कारण कंपन्या धरतात तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर उभं राहीपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, चढणं, उतरणं आणि मुंबईच्या डोक्यावर रांगेत घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. जवळच्या प्रवासात हा वरखर्चच मुद्दलापेक्षा मोठा होतो. हैदराबादला (सुमारे ५०५ किलोमीटर), बंगळूरला (८०० च्या आसपास), चेन्नईला (९७० च्या आत) आणि दिल्लीला (हजाराच्या थोडं वर) विमानाचा खरा फायदा दिसतो. शिर्डीला येणारी विमानं याच शहरांची असावीत हे ओघानेच आलं, कारण साईभक्तही तिथलेच.

या विमानतळाचे सुरुवातीचे दिवस मात्र हवामानाच्या हातात गेले. उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय नव्हती. वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी दिसलीच पाहिजे आणि त्यासाठी दृश्यमानता पाच किलोमीटर हवी. २०१९ च्या नोव्हेंबरात धुरकं असं बसलं की जवळपास महिनाभर विमानं बंद राहिली. दिल्ली-काकडी हजार किलोमीटरची वाट खुली असायची, अडायचं ते शेवटच्या पाच किलोमीटरला. रात्री उतरण्याची सोय व्हायला २०२५ चा मार्च संपावा लागला. पहिलं रात्रीचं विमान आलं ते हैदराबादहून.

आणि नगरकराचं काय? नगर शहरापासून काकडी ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, तेही खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षं गाजलेल्या नगर-मनमाड रस्त्याने. पुण्याचं लोहगाव आणि छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा हे विमानतळही याच मापाच्या पट्ट्यात येतात, सव्वाशेच्या आतबाहेर. तीन विमानतळांच्या मधोमध बसलेलं आणि एकाच्याही जवळ नसलेलं असं हे शहर आहे. जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर. जामखेडच्या माणसाला स्वतःच्याच जिल्ह्यातला विमानतळ गाठायला दीडशेहून जास्त किलोमीटर जावं लागतं. काकडीहून हवेतून मुंबईही जवळजवळ तेवढीच आहे! शिर्डीच्या विमानतळाच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आहे, नियमित विमानं देशातल्या देशात आहेत. तो भाविकांसाठी बांधला आणि भाविकांना उपयोगी पडला, यात तक्रारीसारखं काही नाही. जिल्ह्याला विमानतळ मिळाला, असं मात्र जरा जपून म्हणावं.

दरम्यान रस्त्याने विमानावर मात केली. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला, आणि ७०१ किलोमीटरची वाट पूर्ण झाली. त्याआधी, १० फेब्रुवारी २०२३ पासून, मुंबई-साईनगर शिर्डी वंदे भारतही धावू लागली. कोपरगाव-राहात्याच्या माणसाला आता मुंबईचं विमान पकडणं सोपं झालं. नगर शहर या दोन्हींपासून दक्षिणेला ऐंशी किलोमीटर लांब राहिलं. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून दूरची विमानं वाढली तर पुणेमार्गे जाणाऱ्या नगरकराचा निदान शेवटचा, शहरातून रांगत जाण्याचा तास वाचेल. वाघोली तोपर्यंत आहेच.

जाता जाता, यंदा ज्यांच्या घरातून कुणी उडणार आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. लांबची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात आणि बारा वाजले की तारीख बदलते. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ पहाटे १.३० असेल तर नगरहून १४ तारखेला दुपारी जेवून निघायचं. १५ तारखेला दुपारी निघालात, तर मुंबईला पोचेपर्यंत विमान न्यूयॉर्कला उतरून मोकळं झालेलं असेल.